हात पाठी

परवा बाजारात टोमॅटोच्या ढिगापुढे उभी होते. भाजीवाली एकेक टोमॅटो पुसून मांडत होती, खाली मोठे, वर लहान, आणि ढीग असा काही जमत चालला होता की मी बघतच राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आंटी, लेना नहीं है क्या? कबसे हाथ पीछे करके खडी हो." तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझे दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवलेली. आधी हसू आलं, मग हात सोडवून पिशवी पुढे केली. भाजीवालीला काय कळणार, तिनं वजन करून टोमॅटो पिशवीत टाकले.

ही खोड मला ग्लोरिया टीचरनी लावली. या वयात मला कुणी खोड लावू शकेल असं वाटलं नव्हतं. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर प्रयत्न केले, त्यांची एकही सवय मी उचलली नाही. टीचरना जाऊन आता वर्ष होत आलं, पण ही खोड काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर ती जाऊ नये असंच मला वाटतं.

भाईंदर पश्चिमेला आमचं एक केंद्र आहे. केंद्र म्हणजे काय, एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, दोन खोल्या आणि एक गच्ची. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचा शिवणवर्ग आणि शनिवारी मुलांची हस्तकला. नोकरीतून सुटल्यावर घरात बसून भिंती बघायचा मला कंटाळा आला, म्हणून मी तिथं जायला लागले. सेक्रेटरी पेडणेकर म्हणाले, "सुमनताई, शनिवारच्या वर्गाला मदतीला माणूस हवंय, तुम्ही बसा." मला वाटलं, पोरांना कागद वाटायचे, गोंदाच्या बाटल्या धुवायच्या, त्यात काय अवघड आहे.

पहिल्याच शनिवारी एक लहानगा वर्तुळ कापत होता. कात्री अशी धरलेली की आता बोट जातंय की मग. मी आईच्या मायेनं हात पुढे केला. तेवढ्यात खोलीच्या त्या टोकाकडून आवाज आला, "मॅडम, हात पाठी."

आवाज मोठा नव्हता. ठेंगणी बाई, फिक्या रंगाची सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि कमरेला लाल फितीनं बांधलेली कात्री. मला वाटलं मुलांना सांगतायत. बघते तर माझ्याकडेच बघत होत्या. "म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे हात पाठीमागे धरा आणि बघा," त्या म्हणाल्या. "कात्री मागितली तर कात्री द्या, कागद मागितला तर कागद द्या. हात द्यायचा न्हाय."

मला राग आला. अहो, मी दोन मुलं वाढवलेली बाई, मला कात्री कळत नाही? पण वर्गातली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, म्हणून गपचूप हात मागे घेतले. त्या लहानग्यानं कापलेलं वर्तुळ बटाट्यासारखं झालं. टीचर त्याच्याजवळ आल्या, आपले हात पाठीमागे धरून वाकल्या आणि त्याला विचारलं, "झालं?" त्यानं बघितलं, मान हलवली. "न्हाय." मग पुन्हा कापायला बसला.

टीचरचं शिकवणं म्हणजे एवढंच. वर्गाच्या सुरुवातीला त्या स्वतः एकदा करून दाखवायच्या, अगदी सावकाश, एक शब्द न बोलता. मग मुलं करायची आणि त्या टेबलांमधून फिरायच्या. दुसऱ्याच्या कामापाशी उभं राहायचं तर हात पाठीला, हा तिथला कायदा होता. तो मुलांना होता, आयांना होता, मला होता आणि सगळ्यात जास्त त्यांना स्वतःला होता. 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. 'वाईट' तर नाहीच. नुसतं विचारायच्या, "झालं?" आणि झालं की नाही ते ज्याचं काम त्यानंच सांगायचं. पहिल्या-दुसऱ्या वेळी मुलं त्यांच्याच तोंडाकडे बघत राहायची. मग हळूहळू कागदाकडे बघायला लागायची.

टीचर जवळच्याच उत्तनच्या, समुद्रकाठच्या गावातल्या. जन्म तिथलाच, लग्न तिथंच, आणि भाईंदरच्या एका शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. उत्तनची बस पकडून शनिवारी यायच्या आणि बस उशिरा आली तर आल्या आल्या मुलांची माफी मागायच्या. वर्गात बोलायच्या शाळेचं मराठी, पण रागावल्या किंवा दमल्या की हाय-न्हाय सुरू व्हायचं, तेवढ्यावरून आम्हाला हवामान कळायचं. प्रत्येक मुलाला 'बाबू' म्हणायच्या, मुलींनासुद्धा. चहा बशीत ओतून प्यायच्या. आणि एक गंमत, कात्रीला धार आहे की नाही ते त्या कानानं बघायच्या. कात्री कानाशी न्यायच्या, कागदाचा एक चिटोरा कापायच्या, डोळे मिटून आवाज ऐकायच्या. 'कर्र' असा कोरडा आवाज आला तर ती कात्री वर्गात, नाहीतर बाजूला. मुलंही बघून बघून तसंच करायला लागली. नवीन येणारा माणूस दारातच थबकायचा, कारण सगळा वर्ग कानाला कात्र्या लावून बसलेला.

हात पाठी का, असं विचारलं की टीचर दरवेळी वेगळं कारण सांगायच्या. पेडणेकरांना म्हणाल्या, "गोंद ओला हाय." एका आईला म्हणाल्या, "तुमच्या हाताला लसणीचा वास हाय, कागदाला लागेल." ती बिचारी पुढच्या वेळी साबणानं हात धुऊन आली, तर तिला सांगितलं, "आता ओले हात." मला सांगितलं, "टेबल लहान, तुमचा हात मोठा, पोराला उजेड दिसत न्हाय." मी म्हटलं, बाई वस्ताद आहे.

एका वर्षी केंद्राच्या कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे आले होते. नाव कशाला घ्या. मागे कार्यकर्ते, पुढे फोटोवाला. एका मुलानं जवळच्या राई गावच्या खाडीचं चित्र रंगवायला घेतलं होतं, पाणी काळं आणि त्यात एक पांढरा बगळा. साहेबांना वाटलं, फोटोसाठी काहीतरी करावं. त्यांनी त्या पोराच्या हातातून ब्रश घेतला आणि म्हणाले, "बाळा, पाणी निळं असतं." ब्रश निळ्या रंगात बुडणार, इतक्यात टीचर म्हणाल्या, "साहेब, हात पाठी."

पेडणेकरांचा चेहरा असा झाला की त्यांच्यासाठी पाणी आणावं लागतंय की काय. पण साहेबसुद्धा कधीतरी शाळेत गेलेच असणार. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि खरोखर हात पाठीमागे घेतले. साहेबांनी घेतले म्हणून कार्यकर्त्यांनी घेतले. त्याच क्षणी फोटो निघाला. तो अजून आमच्या ऑफिसात लावलेला आहे. सगळी मोठी माणसं ओळीत हात पाठीमागे धरून उभी, जणू हेडमास्तरांनी वर्गाबाहेर काढलीत, आणि मध्ये तो पोरगा निवांत काळं पाणी रंगवतोय. पेडणेकर आधी तो फोटो लावायला तयार नव्हते. आता आलेल्या प्रत्येकाला स्वतःच दाखवतात.

पण टीचरची खरी गाठ पडली ती आयांशी. एका दिवाळीआधी वर्ग कमी झाले आणि कंदील अर्धवट राहिले. पेडणेकरांनी गळ घातली म्हणून टीचरनी मुलांना कामट्यांचे सांगाडे घरी न्यायला दिले. पुढच्या शनिवारी कंदील परत आले, तेव्हा खोली अशी झगमगली की विचारू नका. सोनेरी लेस, आरसे, झिरमिळ्या, एकाला तर आत फिरणारा दिवा. मी खूश. टीचर हात पाठीला घेऊन प्रत्येक कंदिलापुढे थांबल्या आणि प्रत्येक मुलाला विचारलं, "झालं?" एकही पोर बोलेना. सगळी खाली मान घालून उभी. शेवटी जिनल नावाची मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची, ती म्हणाली, "टीचर, मम्मीचं झालं. माझं नाही झालं."

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी एक पुठ्ठा घेतला, सुंदर अक्षरात लिहिलं, 'पहिले बक्षीस, आई गट', आणि जिनलच्या आईचं नाव घालून कंदिलाला अडकवला. कंदिलांचं प्रदर्शन लागलं तेव्हा अख्खी सोसायटी आलेली. जिनलची आई हेतलबेन रागानं लाल. "टीचर, हे बराबर नाय. सगळ्यांच्या सामने माझी मस्करी केली तुम्ही."

"मस्करी न्हाय," टीचर म्हणाल्या. "कंदील खरंच चांगला हाय, म्हणून बक्षीस दिलं. बसा."

हेतलबेन भांडायला आली होती, पण बसली आणि बसल्यावर तिचा आवाजच बदलला. जिनल डाव्या हातानं सगळं करते. काहीही कापलं की कागद मुडपतो, वाकडं होतं, शाळेत हसतात. घरी सगळे तिच्या उजव्या हातात कात्री कोंबतात, तर ती रडते. "मग मीच करून देते," हेतलबेन म्हणाली. "पोरगी हसली पाहिजे ना, टीचर."

पुढच्या शनिवारी टीचरनी पिशवीतून पिवळ्या मुठीची एक कात्री काढली, डाव्या हातानं चालवायची. मला तर तोवर माहीतही नव्हतं की अशी वेगळी कात्री असते आणि साध्या कात्रीनं डावऱ्या मुलांचा कागद कापला न जाता दुमडतो. कुठून आणली विचारलं तर म्हणाल्या, "मुंबईहून." एवढ्या मोठ्या मुंबईत कुठून, ते काही सांगितलं नाही. कात्री जिनलपुढे टेबलावर ठेवली आणि हात पाठीमागे घेतले. जिनलनं ती कानाशी नेली, चिटोरा कापला. कर्र. मग कागद घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत गेली, आणि कापून झाल्यावर पोरगी इतकी हसली की तिच्या वेण्या हलायला लागल्या. टीचर हेतलबेनला म्हणाल्या, "पोर वाकडी नव्हती, बाय. कात्री वाकडी होती." हेतलबेन पदरानं डोळे पुसत होती. तिच्यासाठी मग कोपऱ्यात एक टेबल टाकलं, मम्मी टेबल. ज्या आईचे हात शिवशिवतील तिनं तिथं बसून स्वतःचं काहीतरी करावं. अजून ते टेबल कधी रिकामं नसतं.

हात पाठीचं खरं कारण मला एकदाच कळलं. नाताळ जवळ आला की टीचर वर्गाला फुगे आणायच्या, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल फुगे, गोडसर, हाताला तूप लागेल असे. मुलं गेल्यावर आम्ही दोघी गच्चीत उरलेले खात बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "सुमनबाय, मी शाळेत असताना होडीचं चित्र काढलं होतं. स्पर्धेला पाठवायचं होतं. आमच्या बाईंनी ते घेतलं, इथं जरा, तिथं जरा, करत करत सगळंच नीट केलं. पहिलं बक्षीस मिळालं. बापानं फ्रेम करून दारासमोर लावलं. आलागेला बोलायचा, काय सुंदर काढलंय पोरीनं. आणि मी उठून आत जायची." त्यांनी बशीतला चहा संपवला. "बाप मरेपर्यंत ते तिथंच होतं. त्याला सांगायचं धाडस झालं न्हाय." मग पदर झटकून उठल्या आणि बसच्या वेळेची चौकशी केली.

त्यानंतरच्याच वर्षी गणपती झाल्यावर एका शनिवारी टीचर आल्या नाहीत. दुपारी सुनेचा, लीनाचा फोन आला. अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं. पाय घासत का होईना चालायला लागल्या. उजवा हात मात्र उठेना.

पेडणेकर काही वाईट माणूस नाही. पोरांचा वर्ग बंद पडू नये म्हणून त्यांनी एका कंपनीकडून किट मागवले आणि श्रेया नावाची एक मुलगी शिकवायला आणली. मुलगी गोड, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. किट म्हणजे एक पाकीट. उघडलं की आत आधीच कापलेले तुकडे, त्यावर नंबर, नंबराला नंबर चिकटवला की घुबड तयार. अर्ध्या तासात सगळ्या वर्गाची घुबडं तयार, सगळी सारखी, सगळी डोळे वटारून बघणारी. आया खूश, फोटो ग्रुपवर. मी जिनलला विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "काकू, ते पाकिटातच झालेलं होतं."

नोव्हेंबरात पेडणेकर मला म्हणाले, "किटवाले वर्षाचं विचारतायत. टीचर येणार असतील तर वर्ग त्यांचाच, माझा शब्द. पण नाताळच्या सुट्टीआधी मला नक्की कळू दे. नाहीतर जानेवारीपासून त्यांना हो म्हणतो." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी उत्तनला गेले. अंगणात बांबूवर बोंबील वाळत घातलेले, आणि टीचर ओट्यावर खुर्चीत बसलेल्या. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डाव्या हातानं पेज खात होत्या, अर्धी साडीवर. लीना दारात उभी राहून म्हणाली, "बघा, मला भरवू पण देत न्हाय." मी पेडणेकरांचं सगळं सांगितलं. वर म्हटलं, "शिकवायला तोंड पुरतं, टीचर. तुम्ही नुसत्या बसा, करून दाखवायला मी आहे, श्रेया आहे."

टीचरनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला करता येत न्हाय, ते पोरांना कर कसं सांगू? त्यांना कळतं सगळं." डाव्या हातानं साडीवरची पेज पुसत म्हणाल्या, "सुट्टीआधीच्या शनिवारी येते. नाताळचा तारा करीन, पोरांसमोर. झाला तर जानेवारीत वर्ग माझा. न्हाय झाला तर केंद्रातलं माझं कपाट त्या पोरीला देऊन टाका, चावी आणतेच." मी काही बोलायच्या आत लीनाला म्हणाल्या, "कामट्या भिजत घाल गो."

त्या शनिवारी लीनानं त्यांना रिक्षानं आणलं. जिना चढायला वेळ लागला. पोरं दारात गोळा झाली, पण एकही ओरडलं नाही. टीचर आपल्या खुर्चीत बसल्या, कमरेची कात्री डाव्या हातानं सोडवायला गेल्या, लाल फितीची गाठ सुटेना. ती सुटेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पेडणेकर कोपऱ्यात उभे, श्रेया त्यांच्या बाजूला. मुलं टेबलाभोवती.

पाच कामट्या. एकेक कामटी उजव्या हाताखाली दाबून धरायची, कारण वजन म्हणून तरी तो हात उपयोगी होता, डाव्या हातानं दोरा फिरवायचा आणि टोक दातात धरून ओढायचं. पहिली गाठ दोनदा सुटली. दुसरी कामटी घरंगळून खाली पडली, अद्वैत नावाच्या लहानग्यानं ती उचलून टेबलावर ठेवली आणि पटकन हात मागे घेतले. तारा हळूहळू आकाराला येत होता, एक पाय लांब, एक आखूड. टीचरच्या कपाळावर घाम.

मग कागदाची पाळी आली. पतंगाचा लाल कागद. टीचरनी आपली कात्री डाव्या हातात धरली आणि कापायला गेल्या. कागद दुमडला. पुन्हा धरली, पुन्हा दुमडला. तिसऱ्यांदा फाटला. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि त्या लाल कागदाकडे नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या माणसाला मी ओळखत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा डावा हात पिशवीकडे गेला. कपाटाची चावी त्या पिशवीत होती.

मला राहवेना. मी पुढे झाले. एक कागद कापायचा, दोन मिनिटांचं काम, कुणाचं काय जातंय? माझा हात कात्रीपर्यंत पोचलाही होता.

"काकू," जिनल म्हणाली, "हात पाठी."

मी तशीच थांबले. वर्गातली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशीच. मी हात मागे घेतले. मग जिनल आपल्या टेबलापाशी गेली, दप्तर उघडलं, पिवळ्या मुठीची कात्री काढली. ती टीचरसमोर ठेवली, मूठ त्यांच्याकडे करून, आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीला घेतले.

टीचरनी कात्रीकडे बघितलं, मग जिनलकडे. कात्री डाव्या हातात घेतली. उचलून डाव्या कानाशी नेली, लाल कागदाच्या फाटक्या कडेवर एकदा चालवली आणि डोळे मिटले. कर्र. आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

मग त्यांनी कापायला सुरुवात केली. सरळ नव्हतं. कुठं आत गेलं, कुठं बाहेर आलं. गोंद बोटांना लागला, बोटं साडीला पुसली. अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल, पेडणेकरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. शेवटी तारा टेबलावर उभा राहिला, पाच पायांचा, एक पाय लंगडा. टीचर मागे टेकून बसल्या. तेव्हा अद्वैत वाकला, हात पाठीमागेच, आणि टीचर विचारायच्या तसं विचारलं, "टीचर, झालं?"

टीचरनी तारा निरखून बघितला. "न्हाय," म्हणाल्या. एक कोपरा सुटला होता, त्यावर गोंदाचं बोट फिरवलं, दाबून धरलं. मग वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता झालं."

पेडणेकर नाक शिंकरत बाहेर गच्चीत गेले. जाता जाता श्रेयाला म्हणाले, "त्या किटवाल्यांना कळव, नको म्हणून."

जानेवारीत टीचर यायच्या होत्या. नवीन वर्ष लागायच्या आधीच एका पहाटे झोपेतच गेल्या. आता वर्ग श्रेया घेते. त्या दिवशी ती कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती ना, ते वाया गेलं नाही. पाकिटं कपाटाच्या वर धूळ खातायत आणि पोरं कानाशी कात्र्या लावून बसतात. पण मला टीचर आठवतात त्या त्याच दुपारच्या.

वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर खाली रस्त्यापर्यंत आले. केलेली वस्तू त्याच दिवशी घरी न्यायची हा त्यांचाच नियम, म्हणून तारा बरोबर होता. रिक्षावाला चांगला माणूस. म्हणाला, "लाओ माँजी, पीछे रख देता हूँ, टूट जाएगा." टीचर म्हणाल्या, "टूटेगा नहीं," आणि तारा मांडीवर घेतला, त्या न उठणाऱ्या हातावर. लीना बाजूला बसली. रिक्षा सुरू झाली. टीचरनी बाहेर डोकावून माझ्याकडे बघितलं आणि डावा हात हलवला, गोंदानं आणि कागदाच्या लाल रंगानं माखलेला. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही हात हलवायला हवा होता. माझे दोन्ही हात पाठीमागे होते.